गरुड कीं टर्की?

नव्या राष्ट्राला ध्वज हवा, मुद्रा हवी, आणि मुद्रेवर एखादा पक्षीहि हवा. अमेरिकेनें १७८२ सालीं गरुड निवडला. १७८४ मध्यें बेंजामिन फ्रँकलिन यांनीं मुलीस उद्देशून लिहिलेल्या पत्रांत त्याची चांगलीच हजेरी घेतली : हा दुसऱ्यानें पकडलेला मासा हिसकावणारा ऐतखाऊ, त्याहून टर्की बरा, थोडा डौलखोर, पण शूर! गरुड केवळ निमित्त होता. स्वातंत्र्ययुद्धांतील अधिकाऱ्यांनीं १७८३ मध्यें सिनसिनॅटी नांवाची संस्था काढली. तिच्या पदकावर गरुड होता आणि सदस्यत्व बापाकडून थोरल्या मुलाकडे जावयाचें होतें. राजा घालवून पुन्हां वतनदारी कशाला? मान द्यावयाचाच तर चिनी रीतीनें तो आईबापांकडे चढावा, मुलांकडे उतरूं नये, असें त्यांचें म्हणणें. गरुड मुद्रेवर राहिला. ही शंका मात्र प्रत्येक नव्या प्रजासत्ताकानें जवळ बाळगावी अशी आहे.