आडनावांच्या मुळाशी (लेखांक ११) : बंदी घातलेलं आडनाव

धंद्यांवरून आणि गावांवरून पडलेली स्कॉटिश आडनावं आपण मागच्या लेखांत पाहिली. आजचं आडनाव मॅकग्रेगर. त्याची व्युत्पत्ती सोपी आहे, ग्रेगरचा मुलगा तो मॅकग्रेगर. चौदाव्या शतकात ग्लेनऑर्कीच्या खोऱ्यात ग्रेगर नावाचा एक प्रमुख होऊन गेला, त्याच्यापासून ही कुळी सुरू झाली. आपला वंश थेट राजघराण्यातला, असं ती अभिमानाने सांगत आली आहे. इतिहासाच्या कागदांत मात्र एवढं मागे जाता येत नाही.

या घराण्याचं दुखणं जमिनीचं होतं. ज्या खोऱ्यांत मॅकग्रेगर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्यांच्या राजसनदा हळूहळू शेजारच्या बलाढ्य कॅम्पबेलांच्या हाती गेल्या. कसणारा एक आणि कागदावर मालक दुसरा, ही अवस्था महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. विरोध करणाऱ्या ग्लेनस्ट्रेच्या ग्रेगरचं डोकं 1570 मध्ये ग्लेनऑर्कीच्या कॉलिन कॅम्पबेलने उडवलं. त्या ग्रेगरची बायको स्वतः कॅम्पबेलांची लेक. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन तिने नवऱ्यासाठी रचलेलं शोकगीत गेलिक भाषेत आजही गायलं जातं.

जमीन गेली तशी गुरं पळवणं हेच अनेकांच्या पोटाचं साधन झालं. फेब्रुवारी 1603 मध्ये ग्लेन फ्रूइन इथे मॅकग्रेगरांनी कहून घराण्याचा धुव्वा उडवला. शंभराहून अधिक माणसं पडली. इंग्लंडची एलिझाबेथ राणी नुकतीच वारली होती आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स लंडनची गादी घ्यायला निघायच्या तयारीत होता. निघण्याच्या दोनच दिवस आधी, 3 एप्रिलला, प्रिव्ही कौन्सिलचा हुकूम सुटला : मॅकग्रेगर हे आडनाव यापुढे कोणी लावायचं नाही. लावलं तर देहान्त.

कुळीचा प्रमुख अलास्टर याला अर्गाइलच्या अर्लने शब्द दिला होता, की तुला सुखरूप इंग्लंडात पोचवतो. पोचवलंही. सरहद्द ओलांडून नेलं आणि लगेच माघारी आणलं. जानेवारी 1604 मध्ये एडिंबरोत अलास्टर फासावर चढला. दिलेला शब्द अक्षरशः पाळून माणसाचा असा घात केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

पुढे बंदीचे फास आवळतच गेले. चारांहून अधिक जणांनी एकत्र जमायचं नाही. जवळ हत्यार म्हणून फक्त मांस कापायची, टोक नसलेली सुरी. 1633 च्या कायद्याने तर पाद्र्यांनी मुलाचं नाव ग्रेगर ठेवणंही गुन्हा ठरवलं, आणि या आडनावाने केलेले करारमदार रद्दबातल. म्हणजे कर्ज द्यायचं, जमीन घ्यायची, तर सही दुसऱ्याच्या नावाने. कोणी मरे झाले, कोणी ड्रमंड, ग्रॅहम, स्ट्यूअर्ट. कित्येकांना कॅम्पबेल हेच आडनाव घ्यावं लागलं. त्यांच्या मनाला काय वाटलं असेल!

गृहयुद्धात राजाची बाजू घेतल्यामुळे 1661 मध्ये बंदी उठली, 1693 मध्ये पुन्हा लादली गेली. त्यामुळेच प्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगर (1671–1734) सही करताना आईचं आडनाव लावून रॉबर्ट कॅम्पबेल होई. बंदी कायमची उठायला 1774 साल उजाडलं.

पण मग प्रमुख कोण? ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यातले अधिकारी जॉन मरे यांना 826 मॅकग्रेगरांनी सह्या करून आपला प्रमुख मानलं. त्यांचा मुलगा ईव्हन याचा संबंध थेट आपल्या खानदेशाशी येतो. फेब्रुवारी 1818 मध्ये सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यावर हल्ला केला, त्यात तो जबर जखमी झाला. त्या दिवशी किल्ल्यातली शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला हिस्लॉपने फाशी दिलं. आपल्या पूर्वजांवरचा अन्याय उरी बाळगणारं घराणं इथे त्याच साम्राज्याची तलवार होऊन आलं होतं, हे मला विसरता येत नाही. ईव्हन वाचला. 1822 मध्ये राजाच्या परवान्याने त्याने मरे सोडून मॅकग्रेगर आडनाव पुन्हा घेतलं आणि त्याच वर्षी चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा स्कॉटलंडच्या राजमुकुटाच्या पहाऱ्यावर मॅकग्रेगर उभे होते.

सगळ्यांनी मात्र जुनं आडनाव परत घेतलं नाही. दोन-तीन पिढ्यांत नवं अंगवळणी पडलं होतं, घराची कागदपत्रंही त्याच नावाने होती. म्हणून आजच्या डीएनए चाचण्यांत भलतीच आडनावं लावणारी माणसं मॅकग्रेगरांच्या मूळ शाखेशी जुळताना दिसतात. चर्चच्या जुन्या नोंदवहीत 1700 च्या सुमाराचा एखादा ड्रमंड सापडला, तर तो ड्रमंडच असेल असं धरून चालू नये. तो राहत होता ती वाडी आधी पाहावी, शेजाऱ्यांची नावं पाहावीत, आणि 1774 नंतर त्याच्या नातवंडांनी काय आडनाव लावलं ते शोधावं.