कथा (चित्रपट)

कथा हा सई परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला १९८३ सालचा हिंदी विनोदी चित्रपट आहे. शं. गो. साठे यांच्या ससा आणि कासव या मराठी नाटकावर तो आधारलेला असून नसीरुद्दीन शाह, फारूक शेख आणि दीप्ती नवल यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. मुंबईतील एका चाळीत राहणारा भिडस्त कारकून, शेजारच्या मुलीवरील त्याचे अव्यक्त प्रेम आणि त्याच्या खोलीत पाहुणा म्हणून येऊन ठाण मांडणारा बोलघेवडा मित्र यांभोवती चित्रपटाचे कथानक फिरते. ३०व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. चित्रपटाची भाषा हिंदी असली, तरी मूळ नाटक, पात्रांची नावे, चाळीतील वातावरण आणि दिग्दर्शिकेची घडण या सर्व बाजूंनी तो मराठी मध्यमवर्गीय जीवनाशी जोडलेला आहे.

पार्श्वभूमी

सई परांजपे यांचा जन्म १९ मार्च १९३८ रोजी झाला. त्यांचे बालपण मुख्यतः पुण्यात, आजोबा रँग्लर र. पु. परांजपे यांच्या सहवासात गेले. रँग्लर परांजपे हे गणितज्ञ आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. सई यांच्या आई शकुंतला परांजपे यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचे कार्य केले. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या कुंकू (१९३७) या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली होती. सई परांजपे यांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून कामाला सुरुवात केली. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण, मराठी रंगभूमीवरील नाट्यलेखन व दिग्दर्शन, दूरदर्शनसाठी निर्मिती आणि बालचित्रपट असा प्रवास करून त्या कथाचित्रपटांकडे वळल्या.

स्पर्श हा अंध शाळेच्या मुख्याध्यापकावरील चित्रपट आणि दिल्लीतील तीन विद्यार्थ्यांवरील चश्मे बद्दूर (१९८१) हा विनोदी चित्रपट यांनंतर त्यांनी कथा केला. यातील तिन्ही प्रमुख कलाकारांबरोबर त्यांनी आधीच काम केले होते. स्पर्शमध्ये नसीरुद्दीन शाह, तर चश्मे बद्दूरमध्ये फारूक शेख आणि दीप्ती नवल होते. मराठी नाटक हिंदी पडद्यावर आणताना दिग्दर्शिकेने चाळीचा परिसर व मराठी आडनावे कायम ठेवली. राजाराम पुरुषोत्तम जोशी आणि संध्या सबनीस ही नावे ऐकताच पात्रांची सामाजिक पार्श्वभूमी मराठी प्रेक्षकाच्या ध्यानात येते.

कथानक

राजाराम जोशी हा मुंबईतील एका कार्यालयात कारकून आहे. चाळीतील एका खोलीत तो एकटा राहतो. स्वभावाने सरळ, कष्टाळू आणि परोपकारी असल्याने शेजाऱ्यांची लहानमोठी कामे तो विनातक्रार करतो. चाळीतच राहणाऱ्या संध्या सबनीसवर त्याचे प्रेम आहे. ते बोलून दाखवण्याचे धैर्य मात्र त्याला होत नाही. नोकरीत थोडे स्थैर्य आल्यावर आता विषय काढावा, असे त्याच्या मनात येते. नेमका त्याच सुमारास त्याचा जुना मित्र वासुदेव ऊर्फ बाशू त्याच्याकडे येऊन थडकतो.

बाशू देखणा, हजरजबाबी आणि थापा मारण्यात तरबेज आहे. काही दिवसांसाठी आलेला हा पाहुणा राजारामच्या खोलीचा, कपड्यांचा आणि पैशांचा वापर हक्काने करू लागतो. गोड बोलून तो चाळीतील बहुतेकांना आपलेसे करतो. संध्याही त्याच्याकडे आकर्षित होते. दुसरीकडे तो धिंडोरिया नावाच्या उद्योजकाच्या पादत्राणांच्या कंपनीत नोकरी मिळवतो आणि धिंडोरियाची पत्नी अनुराधा व मुलगी जोजो या दोघींशी एकाच वेळी जवळीक साधतो. संध्या आणि बाशू यांचा विवाह ठरतो. राजाराम हे सारे पाहत राहतो. आपल्या मनातले तो मित्रालाही सांगत नाही आणि संध्यालाही नाही.

बाशूची बनवाबनवी अंगाशी येऊ लागते, तेव्हा तो संध्याला आणि चाळीला सोडून पसार होतो. सबनीस कुटुंबावर नामुष्की ओढवते. त्या प्रसंगी राजाराम संध्याशी लग्न करण्याची तयारी दाखवतो. बाशूशी आपले संबंध किती पुढे गेले होते, हे संध्या त्याच्यापासून लपवत नाही. राजारामचा निर्णय तरीही बदलत नाही आणि दोघांचा विवाह होतो. बाशूला कोणतीही शिक्षा होत नाही. तो आपल्या पुढच्या वाटेला लागलेला असतो.

कलाकार

राजारामची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी, बाशूची फारूक शेख यांनी आणि संध्याची दीप्ती नवल यांनी केली आहे. मल्लिका साराभाई (अनुराधा), विनी परांजपे (जोजो), लीला मिश्रा आणि अरुण जोगळेकर हे अन्य कलाकार होत. छायाचित्रण वीरेंद्र सैनी यांचे आहे. संगीत राजकमल यांचे असून गीते इंदू जैन यांनी लिहिली आहेत.

पात्रयोजना प्रेक्षकांच्या अपेक्षेच्या उलट आहे. फारूक शेख यांनी चश्मे बद्दूरमध्ये लाजऱ्या व अभ्यासू तरुणाची भूमिका केली होती आणि तिथे त्यांची नायिका दीप्ती नवल हीच होती. कथामध्ये त्याच जोडीतील नायक लबाड ठरतो. आधीच्या चित्रपटामुळे फारूक शेख यांच्या चेहऱ्याविषयी निर्माण झालेला विश्वास बाशूच्या उपयोगी पडतो, आणि चाळकऱ्यांप्रमाणे प्रेक्षकही काही काळ त्याच्यावर लोभावतो. समांतर चित्रपटांतील तीव्र भूमिकांसाठी ओळखले जाणारे नसीरुद्दीन शाह येथे वाकलेले खांदे, अर्धवट वाक्ये आणि ओशाळे हसू यांतून मुखदुर्बळ कारकून उभा करतात.

बोधकथेचा वापर

ससा आणि कासव यांच्या शर्यतीची गोष्ट इसापच्या नावाने जगभर प्रचलित असून मराठी मुलांना ती शालेय वयापासून परिचित असते. संथ पण सातत्याने चालणारा जिंकतो, हे तिचे तात्पर्य सांगितले जाते. चित्रपटात राजाराम हा कासव आणि बाशू हा ससा आहे. मात्र आधुनिक शहरात ही गोष्ट जशीच्या तशी लागू पडते का, असा प्रश्न कथानकातून उभा राहतो.

मूळ गोष्टीत ससा झोपतो म्हणून हरतो. बाशू कधीच झोपत नाही. तो शर्यत अर्धवट सोडून दुसऱ्या शर्यतीत उतरतो, कारण त्याच्या दृष्टीने संध्या हे अंतिम ठिकाण नसून वाटेतला मुक्काम आहे. त्यामुळे राजारामचा विजय हा त्याच्या चिकाटीपेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या पलायनामुळे घडतो. बोधकथेत शर्यतीची सीमारेषा निर्जीव असते. येथे तिच्या जागी एक स्त्री आहे. तिला स्वतःची पसंती आहे आणि शर्यतीची झळही तिलाच सर्वाधिक लागते.

अव्यक्त प्रेम आणि मैत्री

एकतर्फी व अव्यक्त प्रेमाला भारतीय चित्रपटांत बहुधा उदात्त रूप दिले जाते. न बोलता झुरणारा नायक त्यागाचे प्रतीक मानला जातो. कथामध्ये राजारामच्या मूकपणाविषयी सहानुभूती आहे. त्याचे उदात्तीकरण मात्र नाही. त्याच्या न बोलण्यामागे सौजन्य, नकाराची भीती आणि कुणालाही अवघडवू नये अशी सवय एकत्र गुंतलेली आहे. हीच सवय त्याला बाशूला खोलीबाहेर काढू देत नाही. प्रेमातील संकोच आणि मैत्रीतील भीड ही एकाच स्वभावाची दोन रूपे आहेत, असे चित्रपटातील प्रसंगांच्या रचनेवरून दिसते.

या मूकपणाची किंमत केवळ राजाराम मोजत नाही. संध्यापुढे दोन पर्याय आहेत हे तिला वेळेवर कळतच नाही. राजाराम तिच्यासाठी मदतीला धावून येणारा शेजारी असतो आणि बाशू हा प्रेम व्यक्त करणारा एकमेव पुरुष. तिची निवड चुकीची ठरते, पण ती अपुऱ्या माहितीवर केलेली निवड आहे. मनातले लपवणारा सज्जन आणि खोटे बोलणारा धूर्त यांच्यापैकी कुणीच तिला सत्य सांगत नाही. शेवटी तिघांपैकी सर्वांत अवघड गोष्ट प्रथम स्पष्टपणे सांगते ती संध्याच.

शेवटाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एका दृष्टीने राजाराम हा योनिशुचितेच्या रूढ कल्पनेला महत्त्व न देणारा समंजस पुरुष ठरतो. १९८० च्या दशकातील हिंदी चित्रपटात अशा परिस्थितीतील स्त्रीला बहुधा शोकान्त वाट्याला येत असे. त्या तुलनेत हा शेवट वेगळा आहे. दुसऱ्या दृष्टीने पाहिल्यास, संध्यापुढील सर्व वाटा बंद झाल्यावरच राजारामला वाचा फुटते आणि तिच्या होकारात निरुपायाचा अंश किती, हा प्रश्न उरतो. विनोदी चित्रपटाचा सुखान्त असूनही त्यात असलेली ही बोच हे कथाचे वैशिष्ट्य होय.

चाळीचे स्थान

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईत गिरणी कामगार व कारकून वर्गासाठी चाळी उभ्या राहिल्या. ओळीने एक-दोन खोल्यांची बिऱ्हाडे, समोरून जाणारी सामाईक गॅलरी, सार्वजनिक नळ आणि शौचालये अशी त्यांची रचना असे. पु. ल. देशपांडे यांच्या बटाट्याची चाळ या पुस्तकाने चाळीच्या समूहजीवनाला मराठी विनोदी साहित्यात कायमचे स्थान मिळवून दिले. कथामधील चाळ या परंपरेशी नाते सांगते.

चाळीच्या रचनेचा कथानकाशी थेट संबंध आहे. दारे दिवसभर उघडी असतात आणि एका बिऱ्हाडातील बोलणे शेजारी ऐकू जाते. येथे सहवास भरपूर मिळतो, पण एकान्त मिळत नाही. राजाराम आणि संध्या रोज भेटतात. खाजगी बोलण्यास जागा मात्र नसते. शिवाय चाळीत कायम राहणाऱ्याला एका चुकलेल्या शब्दाचे परिणाम वर्षानुवर्षे सोसावे लागतात. नकार मिळाला, तरी त्याच गॅलरीतून रोज ये-जा करायची असते. बाशूला ही धास्ती नाही. तो पाहुणा असल्याने त्याला लौकिक गमावण्याची भीती नाही, आणि म्हणूनच तो मोकळेपणाने बोलू शकतो. सर्वांना सर्वांची खबर असलेल्या या चाळीला राजारामच्या मनाची खबर नसते आणि बाशूच्या खोटेपणाचीही, हा चित्रपटातील विरोधाभास आहे.

समकालीन चित्रपटांशी तुलना

बासू चॅटर्जी यांच्या छोटी सी बात (१९७६) या चित्रपटाशी कथाची तुलना करता येते. त्यातही मुंबईतील लाजाळू नोकरदार, त्याचे अबोल प्रेम आणि चलाख प्रतिस्पर्धी आहे. अमोल पालेकर यांनी साकारलेला अरुण खंडाळ्याला जाऊन अशोक कुमार यांनी उभ्या केलेल्या कर्नलकडून आत्मविश्वासाचे धडे घेतो आणि प्रतिस्पर्ध्यावर त्याच्याच डावपेचांनी मात करतो. राजारामला असा गुरू भेटत नाही आणि त्याचा स्वभावही पालटत नाही. छोटी सी बातमध्ये संकोच हा दूर करता येण्याजोगा दोष आहे. कथामध्ये तो चांगुलपणाशी इतका एकजीव आहे की एक काढल्यास दुसरा शिल्लक राहील का, याची खात्री देता येत नाही.

मनातले न बोलणारा प्रियकर तमिळ चित्रपटांतही वारंवार दिसतो. कदीर दिग्दर्शित इदयम (१९९१) मध्ये मुरली यांनी साकारलेला वैद्यकीय विद्यार्थी आपले प्रेम बोलून दाखवू शकत नाही. तिथे अबोलपणाचा शेवट करुण होतो, तर कथामध्ये त्याच स्वभावाकडे विनोदाच्या अंगाने पाहिले आहे.

महत्त्व

स्पर्श, चश्मे बद्दूर आणि कथा या तीन चित्रपटांनी सई परांजपे यांना हिंदी चित्रपटसृष्टीतील आघाडीच्या दिग्दर्शकांमध्ये स्थान मिळवून दिले. भारत सरकारने २००६ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. सय या मराठी आत्मकथनात त्यांनी आपल्या कलाप्रवासाचा आढावा घेतला आहे. मराठी नाटकाचे हिंदी चित्रपटात झालेले रूपांतर, चाळ संस्कृतीचे चित्रण आणि मध्यमवर्गीय सोशिकतेची विनोदी चिकित्सा या तिन्ही कारणांनी कथा हा अभ्यासाचा विषय ठरतो.