अंबडचा शनिवार

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला आठवडा शुक्रवारी रात्री संपतो. शेवटच्या पाळीची माणसे बाहेर पडली की गरवारे पॉइंट, एक्सलो पॉइंट इथली वर्दळ ओसरते आणि शनिवारी बहुतेक कारखान्यांची दारे बंद राहतात. विजेचा भार सगळीकडे एकाच वारी चढू-उतरू नये म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिलेले असतात. अंबड आणि सातपूरच्या वाट्याला शनिवार आला.

या वाराचे गणित कामगाराच्या घरात सगळ्यांना पाठ असते. शनिवारी मुलांची शाळा सकाळची. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, त्यामुळे तहसील बंद. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकाही बंद. सातबारा, जातीचा दाखला, कर्जाची कागदपत्रे यांसाठी वेगळी रजा टाकावीच लागते. पण त्यामुळेच शनिवार सरकारी रांगांतून सुटतो. दळण आले, आठवड्याचे कपडे निघाले, गावाकडे फोन झाला, की उरलेला वेळ खरोखर आपला असतो.

त्या वेळात शहर पाहावे. यात्रेकरूंचे आणि पर्यटकांचे नाशिक सगळ्यांना ठाऊक आहे. नाशिक हे राबणाऱ्यांचेही शहर आहे, आणि ते एमआयडीसी येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. सिडकोच्या स्कीममध्ये आयुष्य काढलेल्या माणसालाही हे फारसे कोणी सांगितलेले नसते.

सुट्टी कशी मिळाली

हा एक दिवस कोणी आपणहून दिलेला नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे १८८० पासून ‘दीनबंधु’ हे पत्र चालवत होते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. परळला सभा झाली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने मागण्यांचे निवेदन तयार झाले: आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या ठरलेल्या वेळा, पंधरा तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. आजही कुठल्याही कामगार संघटनेच्या फलकावर शोभेल अशी ही यादी आहे.

पुढे सहा वर्षे हा विषय लोखंड्यांनी सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषण केले. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी कारखान्यांच्या नियमांत आणली. लोखंडे प्लेगच्या साथीत रुग्णांसाठी झटत असताना त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले.

स्वतंत्र भारताच्या, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात ५२ वे कलम याच दिवसाचे होते. आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, सुट्टीचा. तो बदलून दुसरा वार देता येई, पण पूर्ण दिवसाची सुट्टी न देता सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम करवून घेता येत नसे. अंबडचा शनिवार या बदलाच्या सोयीत बसला.

डोंगरातले हिशेब

सकाळी पहिल्यांदा पांडवलेणी गाठावीत. अंबडहून पाथर्डी फाट्याकडे निघाले की मुंबई-आग्रा महामार्गालगतचा त्रिरश्मी डोंगर समोरच उभा राहतो. ऊन तापण्याआधी पायऱ्या चढाव्यात. वर २४ लेणी आहेत. नावात पांडव असले तरी ही बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत. त्यांतले सर्वांत जुने सातवाहन राजा कृष्ण याच्या काळचे, म्हणजे इसवी सनापूर्वीचे आहे. एकोणिसाव्या क्रमांकाचे ते छोटे लेणे नाशिकच्या एका अधिकाऱ्याने करवले, आणि तिथल्या ब्राह्मी लेखात नाशिकचे नाव आहे. शेजारच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे. राजांबरोबर गावकरी, व्यापारी आणि लेखनिक यांनीही हा डोंगर घडवला.

कामगाराने मुद्दाम थांबावे ते दहाव्या लेण्यात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा बेचाळिसाव्या वर्षाचा लेख तिथे आहे. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा आरंभ. उषवदाताने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण (त्या काळची नाणी), दरमहा एक टक्का व्याजाने. दुसरीकडे १००० कार्षापण, दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत असे लेख सांगतो. वीस बारे दोनशे चाळीस. दगडात कोरलेला हिशेब आजही चोख जुळतो. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही त्यात लिहिले आहे.

सत्ताधारी घराण्यातला माणूस आपली ठेव विणकरांच्या संघटनेकडे ठेवतो, ही साधी गोष्ट नाही. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या कारागिरांचा संघ. उषवदाताचा सासरा आणि त्याला हरवणारा गौतमीपुत्र सातकर्णी यांच्या लढाईत राज्य पालटले. अशा काळातही कायमची ठेव सांभाळण्याइतकी पत हातमागावर बसणाऱ्या माणसांनी कमावलेली होती. गोवर्धन हे गाव गोदावरीकाठी, नाशिकपासून जवळच, आजही त्याच नावाने नांदते आहे.

याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा लेखही आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली, ती आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी. आज अंबडच्या पगारपत्रकावर कर्मचारी राज्य विमा योजनेची पाऊण टक्का कपात दिसते, मालक सव्वातीन टक्के भरतो आणि आजारपणात सातपूरचे विमा रुग्णालय गाठता येते. आजारपणाची तरतूद आधी करून ठेवावी आणि तिची लेखी नोंद असावी, हा विचार या खोऱ्यात सुमारे सतराशे वर्षांपूर्वीही होता.

पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके छपाई आणि छायाचित्रणाच्या कामातून चित्रपटाकडे आले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री कलाकार मिळेना, तेव्हा फाळक्यांनी मुंबईतल्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना उभे केले. आपल्या चित्रपटाची पहिली नायिका एक हॉटेल कामगार होती, हे नंतर मुलांना जरूर सांगावे.

गंगेवर

सकाळच्या शाळेतून मुले सुटली की शहराकडे निघावे. सिटीलिंकच्या बसने शालिमार किंवा रविवार कारंजा गाठावा आणि आधी मिसळ खावी. नाशिकची मिसळ पापड आणि दही यांच्यासोबत येते, वर जिलेबी, आणि रस्सा पुन्हा मागायला इथे कोणी लाजत नाही.

मग पायी भांडीबाजार आणि सराफ बाजाराच्या चिंचोळ्या गल्ल्यांत शिरावे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचे नाव फार जुने आहे. पत्र्याला आकार देणे, डाग देणे, घासून चकाकी आणणे हे सगळे अंबडच्या शेडमधला फिटर ओळखतो. फरक यंत्राचा आणि वेगाचा.

गल्ली उतरली की गंगा. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे इथले पूर मोजण्याचे माप. पाणी मारुतीच्या पायाला लागले, कमरेला आले, गळ्याला आले, अशी बातमी पावसाळ्यात सिडकोपर्यंत पोचते आणि भांडीबाजारातले दुकानदार माल वर चढवू लागतात.

पंचवटीतले काळाराम मंदिर पाहताना सरदार रंगराव ओढेकरांनी उभारलेल्या काळ्या दगडाच्या कामाबरोबर एक तारीख आठवावी: २ मार्च १९३०. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह त्या दिवशी सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नाशकात सांभाळला आणि पुढची काही वर्षे तो चालला. दरवाजे तेव्हा उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. सुट्टीच्या दिवशी शहरात कुठेही निर्धास्त फिरता येणे हाही लढून मिळवलेला हक्क आहे. लोखंड्यांनी दिवस मिळवून दिला. त्या दिवशी पाय कुठे ठेवता येईल, हे काळारामासमोर बसलेल्या माणसांनी ठरवायला लावले.

परतीच्या वाटेवर सार्वजनिक वाचनालयात डोकावावे. १८४० साली सुरू झालेली ही संस्था महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक आहे. ज्या शहरात कुसुमाग्रज राहिले आणि जिथल्या विहितगावात बाबूराव बागूल जन्मले, तिथे मुलाचे वाचनालयाचे कार्ड काढणे ही शनिवारची सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ खरेदी.

ज्यांना शनिवार नाही

असा दिवस अंबडमधल्या सगळ्यांना मिळत नाही. ठेकेदाराकडे रोजावर असलेल्या माणसाला कारखाना बंद म्हणजे रोज बुडाला. सुट्टी त्याच्या हिशेबात खाडा ठरते. म्हणून तो शनिवारी दुसरीकडे हमाली करतो किंवा रंगकाम धरतो. कारखान्यात जाणाऱ्या बाईचा शनिवार धुण्यात, निवडण्यात आणि पुढच्या आठवड्याच्या तयारीत संपतो. १८९० च्या सभेत ज्या दोघी बोलायला उभ्या राहिल्या, त्यांच्या नाती-पणतींना तो दिवस अजून पुरता मिळालेला नाही.

दुसरीकडे कामाचे तास वाढवण्याची दिशा दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. बारा तास उभा राहिलेला माणूस सुट्टीच्या दिवशी डोंगर चढत नाही, झोपतो. तास आणि सुट्टी यांचा विचार म्हणूनच एकत्र व्हायला हवा.

काही गोष्टी तर लगेच करता येतील. शनिवारी अंबड आणि सिडकोतून पांडवलेणी व पंचवटीकडे जादा बस सुटाव्यात. दहाव्या लेण्यासमोर विणकरांच्या ठेवीचा पूर्ण हिशेब सोप्या मराठीत लिहिलेला फलक लागावा. कामगार कल्याण केंद्रांनी घरच्या बायका-मुलांसह अशी सहल वर्षातून निदान एकदा काढावी. आणि सर्वांत आधी, ठेकेदाराच्या हजेरीपटावरच्या माणसालाही साप्ताहिक सुट्टी पगारासह मिळावी. परळच्या सभेतली पहिली मागणी सुट्टीची होती. अंबडच्या रोजंदारी कामगारापर्यंत ती पोचवणे आपल्याकडे बाकी आहे.