पैनगंगेपलीकडचं स्वस्त पेट्रोल

गैरसमज : तेलंगणातून पैनगंगा नदी ओलांडून महाराष्ट्रात टाकी फुल्ल केली की फायदाच.

वस्तुस्थिती : ज्याची वाटच तिकडून जाते, त्याचा फायदा. मार्च 2024च्या दरकपातीनंतर पेट्रोल हैदराबादला 107.41 रुपये होतं, मुंबईला 104.21. वाहतूक खर्चामुळे जिल्ह्याजिल्ह्यांत दर थोडा हलतो, पण तेव्हा मूळ फरक व्हॅटचा होता : तेलंगणात 35.20 टक्के, महाराष्ट्राच्या बहुतेक भागात 25 टक्के आणि वर लिटरमागे 5.12 रुपये. आता तेलंगणातल्या आदिलाबाद शहरातून मोटारसायकल पलीकडे नेऊन आणा. चाळीस-पन्नास किलोमीटर होतात, म्हणजे जवळपास लिटरभर पेट्रोल. दहा लिटर टाकले तर वाचले तीस-चाळीस रुपये, जळाले शंभर! बेला, जैनथकडच्या नदीकाठच्या गावांचा हिशेब वेगळा. 44 नंबरच्या हायवेवरचा ट्रकवाला तर शहाणाच म्हणायचा. लिटरमागे साडेतीन रुपये धरले, तरी 300 लिटर डिझेलवर त्याचे हजार रुपये सुटतात, तेही वेगळी फेरी न मारता.

गैरसमज : महाराष्ट्रात तेल नेहमीच स्वस्त.

वस्तुस्थिती : एप्रिल 2022मध्ये मुंबईत पेट्रोल 120.51 होतं, हैदराबादेत 119.49. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र सरकारनं पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी उतरवलं, तेव्हा पारडं फिरलं. उद्या पुन्हा फिरू शकतं.

गैरसमज : दारात गाडी नाही, मग भाववाढीचं आपल्याला काय?

वस्तुस्थिती : डिझेल वाढलं की ट्रॅक्टरच्या नांगरटीचा दर, कापूस यार्डात नेण्याचं भाडं, शेअर ऑटोची सीट, बाजारातली भाजी, सगळ्यांवर ताण येतो. स्वतः गाडी न चालवणाऱ्याच्या खिशातूनही हे पैसे जातात, फक्त पावती मिळत नाही. बायकांना थोडा दिलासा आहे. 9 डिसेंबर 2023पासून महालक्ष्मी योजनेत तेलंगणाच्या पल्लेवेलुगु आणि एक्स्प्रेस बसमध्ये त्यांना प्रवास मोफत आहे. पण सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. माहेर पांढरकवड्याला असेल तर पुढचे पैसे मोजावे लागतात.

गैरसमज : घाटात न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं.

वस्तुस्थिती : फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उलटं घडतं. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की उतारावर इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच, वर सगळा भार ब्रेकवर. निर्मलच्या घाटात हा प्रयोग नकोच.

आणि एक विनंती : पलीकडे स्वस्त मिळालं म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यांत पेट्रोल आणून घरात साठवू नका. वाफ चुलीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.