वडखळला गेलेला वेळ अटल सेतूवर भरून निघत नाही

अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो बोट, म्हणजे माणसांसोबत गाड्याही नेणारी, धावते साधारण सायकलच्या वेगाने, तरी मोटारीच्या आधी पोहोचते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडवा समुद्रमार्गे जेमतेम 19 किलोमीटर. पनवेल, पेण, वडखळ करत रस्त्याने जायचं तर सुमारे 110. बोटीला लागतो तासभर. तिला गाठायचं तर मोटारीने दारापासून दारापर्यंत ताशी 110 चा वेग धरायला हवा, तोही कुठे ब्रेक न लावता. मार्च 2020 मध्ये ही सेवा सुरू झाली, ती याच अंतराच्या फरकावर.

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे सूत्र शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. पण त्यात वेग भाजकाच्या जागी बसलाय, याकडे गाडी चालवताना कुणाचं लक्ष नसतं. मुंबईहून अलिबागकडे मोटारीने जाताना घेता येणारा, जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला अटल सेतू 21.8 किलोमीटरचा. ताशी 80 ने तो साधारण सव्वासोळा मिनिटांत संपतो, 100 ने तेरा मिनिटांत. वेग वीसने वाढवला आणि हाती आली तीन मिनिटं! आता शनिवारी सकाळची वडखळ-पोयनाडची रांग घ्या. समजा, पाच किलोमीटर गाडी ताशी 10 ने सरकतेय; अर्धा तास गेला. तोच वेग 20 झाला तर पंधरा मिनिटं वाचतात. म्हणजे दहाच्या वाढीने वीसच्या पाचपट दिलं. माझ्या मते अलिबागच्या प्रवासाचा खरा प्रश्न सेतूवर सुटण्यासारखा नाहीच, तो नाक्यांवर आहे.

सरासरीतही हीच गफलत होते. पाच किलोमीटर ताशी 10 ने आणि पुढचे पाच 100 ने गेलात, तर सरासरी 55 येत नाही. तीस अधिक तीन, तेहतीस मिनिटांत दहा किलोमीटर. म्हणजे ताशी 18 च्या आसपास. गाडी संथ असताना तिथे जास्त वेळ अडकते, त्यामुळे सरासरीही तिकडेच झुकते.

समुद्रावर हे आणखी स्पष्ट दिसतं. तिथलं माप नॉट: तासाला एक सागरी मैल, म्हणजे 1.852 किलोमीटर. समजा, लाँच स्थिर पाण्यात दहा नॉटने चालते, पल्ला दहा सागरी मैलांचा आणि भरती-ओहोटीचा प्रवाह दोन नॉटचा. प्रवाहाबरोबर बारा नॉट मिळतात, पन्नास मिनिटं लागतात. परतताना समोरून प्रवाह आला की उरतात आठ नॉट, लागतात पंचाहत्तर मिनिटं. जाताना दहा मिनिटं कमावली, येताना पंधरा घालवली. इंजिन तेच, अंतर तेच, तरी फेरीला पाच मिनिटं जास्त. प्रवाह अगदी सरळ समोरून किंवा मागून आहे असं धरून हा हिशेब केला. तिरका असला तर सुकाणू वळवून धरावं लागतं, आणि त्यातही थोडा वेग खर्ची पडतो.