हयातीचा दाखला

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने इथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. शिंद्यांचे गोलंदाज तोफा न सोडता जागेवरच कापले गेले, हे शाळेतल्या पुस्तकापासून आपण वाचत आलो आहोत. लढाई संपल्यावर जिंकणाऱ्या बाजूच्या साध्या शिपायाला काय मिळाले, हे मात्र कुणी सांगत नाही.

वेलस्लीच्या सैन्यात मोठा भरणा मद्रासी पलटणींचा होता. पलटणींना मानाची निशाणे ताबडतोब मिळाली, आणि असईचा हत्ती मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आजही आहे. शिपायाच्या छातीवरचे पदक मात्र मंजूर झाले १८५१ मध्ये, म्हणजे ४८ वर्षांनी. त्यालाही अट होती: माणूस जिवंत हवा आणि त्याने स्वतः अर्ज करायला हवा. असईत विशीत लढलेला शिपाई तोवर सत्तरीला टेकला होता. दूर खेड्यातल्या निरक्षर म्हाताऱ्याला असे पदक निघाले आहे हे कळणार तरी कसे? शिंद्यांच्या गोलंदाजांच्या बायकापोरांचा तर प्रश्नच आला नाही.

सरकारने लढवय्यांसाठी काही करायचे ठरवले की ते उशिरा ठरते, हयात असलेल्यांपुरते ठरते, आणि लढलो हे सिद्ध करण्याचे ओझे लढलेल्याच्याच डोक्यावर येते. हा रिवाज कंपनी सरकारबरोबर संपला असता तर या लेखाची गरज नव्हती.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या राज्यातल्या जालन्यात दोन प्रकारचे लढवय्ये एकाच वेळी होते. एक भारतीय लष्कराचे जवान. औरंगाबाद घेऊन ते जालन्याकडे आले, इथे त्यांना चांगलाच प्रतिकार झाला, आणि मग गुरख्यांची एक तुकडी शहरात ठेवून उरलेली फौज लातूरकडे गेली. दुसरे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते. भोकरदन, जाफराबाद, मंठा या तालुक्यांच्या पलीकडे बुलढाणा जिल्हा, म्हणजे तेव्हाचा वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. निजामी हद्दीतून निसटून पलीकडे जायचे, सरहद्दीवरच्या कॅम्पात राहायचे, रात्री परत येऊन करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळायचे, लेव्हीचे धान्य अडवायचे, असा तो लढा होता. जवानाला पुढे फौजेचे पेन्शन मिळाले. कार्यकर्त्याला काय द्यायचे, हे ठरायला बराच काळ गेला.

केंद्राची योजना आली १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात. महिना २०० रुपये, तेही वर्षाचे उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत असेल तर. १९८० मध्ये उत्पन्नाची अट गेली, योजनेच्या नावात ‘सन्मान’ आला. किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास हवा. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातींसाठी तीन महिने. कागदावर नीटनेटके दिसणारे हे निकष मराठवाड्यात येऊन अडखळले. इथला लढा १५ ऑगस्ट १९४७ नंतरच खऱ्या अर्थाने पेटला, तो इंग्रजांशी नव्हे तर निजामाशी होता, आणि कॅम्पावरचा माणूस तुरुंगात नव्हताच. पकडला गेला नाही हेच त्याचे यश होते. योजनेने नेमके तेच त्याच्या विरुद्ध धरले. कॅम्पांना केंद्राने पुढे मान्यता दिली, तरी अमुक माणूस अमुक कॅम्पात होता हे दाखवणारा कागद कुठून आणायचा हा पेच उरलाच. भूमिगत माणूस मागे कागद ठेवत नसतो. वॉरंट निघाले असेल तर ते उर्दूत, निजामाच्या पोलिसांच्या दप्तरात.

राज्य सरकारने ४ जुलै १९९५ च्या निर्णयात भूमिगतांसाठी पुराव्याची चौकट आखली. ज्यांनी दोन वर्षे तुरुंगवास किंवा फरारी आयुष्य काढले आहे अशा दोन स्वातंत्र्यसैनिकांची शपथपत्रे, आणि जोडीला वॉरंट किंवा वर्तमानपत्रातला उल्लेख यासारखा तेव्हाचा कागद. तोवर मुक्तीला ४७ वर्षे होत आली होती. शपथपत्र देऊ शकणारे एकेक करून जात होते.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका तुलनेने मोकळी होती. मुकुंदलाल भंडारी प्रकरणात (१९९३) न्यायालयाने सांगितले की अर्ज उशिरा आला एवढ्याच कारणाने तो फेटाळता येणार नाही. गुरदयालसिंग प्रकरणात (२००१) सांगितले की इथे फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नका, शक्याशक्यता पाहा. मंत्रालयातल्या टेबलापर्यंत हा मोकळेपणा पोहोचायला वेळ लागतो, हे वेगळे.

मग शेजारच्या बीड जिल्ह्याने सगळ्यांनाच मान खाली घालायला लावली. भाऊराव दगडू परळकर यांनी न्यायालयात दाद मागितली की जिल्ह्यात शेकडो तोतये स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन खात आहेत. न्यायमूर्ती पालकर आयोग नेमला गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, आणि फसवणुकीने मिळवलेला लाभ टिकू शकत नाही हे २००५ च्या निकालात अधोरेखित झाले. या प्रकरणाकडे बहुतेक लोक ‘माणसे किती लबाड’ असे पाहतात. मला त्यात पद्धतीचा दोष अधिक दिसतो. पुरावा म्हणजे वजनदार माणसाची शिफारस, असे एकदा ठरले की शिफारस मिळवणारा पुढे जाणारच. अर्ज तपासणाऱ्या जिल्हा गौरव समितीत ज्याची ओळख, त्याचा अर्ज वर. आणि भाकरी पोहोचवणारी बाई, निरोप नेणारा पोर, नाका जाळताना पुढे झालेला भूमिहीन मजूर यांना शपथपत्र कोण देणार? तोतये उघडे पडल्यावर छाननी आवळली गेली, आणि तिची झळ पुन्हा याच माणसांना बसली.

इथे जालन्यातलीच एक गोष्ट आठवते. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणाने राज्य हलले आणि निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारी यंत्रणा स्वतः हैदराबादेला गेली. उर्दू आणि मोडी वाचणारे बसवले, जुनी दप्तरे सोडवली. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण सरकारने मनात आणले तर निजामाचे दप्तर उघडता येते, हे त्यातून सिद्ध झाले. कॅम्पावरच्या म्हाताऱ्यासाठी ते असे उघडले गेले नाही. मतांचा हिशोब केला तर कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

मतांचा हिशोब माजी सैनिकांना मात्र जमला, निदान काही काळ. फौजेत साधा जवान १५ वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शनीला पात्र होतो आणि बहुधा चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. पुढची ३०-४० वर्षे त्याचे पेन्शन जुन्या पगारावर अडकलेले. मागून निवृत्त होणारा मात्र नव्या वेतन आयोगाचा फायदा घेऊन येतो. असे होता होता मागून आलेला शिपाई आधी घरी बसलेल्या हवालदाराला गाठतो. ‘वन रँक वन पेन्शन’ची मागणी एवढीच होती: हुद्दा सारखा, नोकरीची वर्षे सारखी, तर पेन्शन सारखे, मग निवृत्ती कधीची का असेना.

संघटना या गाऱ्हाण्याची सुरुवात १९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगापासून धरतात. १९९१ मध्ये संरक्षणमंत्री शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यातून निघाली ती ‘एकवेळची वाढ’, १९९२ पासून. २००९ मध्ये माजी सैनिकांनी पदके राष्ट्रपतींकडे परत करायला सुरुवात केली. डिसेंबर २०११ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या राज्यसभा याचिका समितीने मागणी रास्त ठरवली. सप्टेंबर २०१३ मध्ये रेवाडीत माजी सैनिकांच्या मेळाव्यात नरेंद्र मोदी बोलले, फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी ५०० कोटी ठेवले. दोन्ही पक्षांना एकाच वेळी जवान आठवला, कारण निवडणूक होती. निवडणूक झाली आणि वर्ष गेले. १५ जून २०१५ पासून जंतरमंतरवर साखळी उपोषण सुरू झाले. १४ ऑगस्टला पोलिसांनी स्वातंत्र्यदिनाच्या बंदोबस्ताचे कारण देऊन पदके लावलेल्या म्हाताऱ्यांना तिथून ओढून काढले. ५ सप्टेंबरला मनोहर पर्रीकरांनी योजना जाहीर केली, ७ नोव्हेंबरला आदेश निघाला: १ जुलै २०१४ पासून लागू, २०१३ चे पेन्शन आधाराला, फेरआढावा दर पाच वर्षांनी.

भांडण या शेवटच्या शब्दांवर उभे राहिले. पाच वर्षे थांबायचे तर पाच वर्षे तफावत राहणारच, मग समानता कसली, असा माजी सैनिकांचा सवाल. १६ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धोरणात घटनाबाह्य काही नाही असे म्हटले, पण १ जुलै २०१९ चा रखडलेला फेरआढावा करून तीन महिन्यांत थकबाकी द्यायला सांगितले. तीन महिन्यांचे वर्ष झाले. मंत्रालयाने परस्पर चार हप्ते ठरवले, न्यायालय संतापले. थकबाकी सुमारे २८ हजार कोटी, पेन्शनर सुमारे २५ लाख. प्रक्रिया सुरू झाल्यापासून चार लाख पेन्शनर वारले, असे याचिकाकर्त्यांच्या वकिलांनी न्यायालयाला सांगितले. अखेर २० मार्च २०२३ च्या आदेशात क्रम लागला: कुटुंब-पेन्शनवाले आणि शौर्यपदकधारक ३० एप्रिलपर्यंत, सत्तरीपुढचे ३० जूनपर्यंत, बाकीचे तीन हप्त्यांत २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत. सत्तरीचा वेगळा गट करावा लागला, यातच सगळे आले.

जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज भरून मिळतो, पाठपुरावा होतो. पण पेन्शनचा एक रुपयाही तिथे कमीजास्त होत नाही. ते ठरते प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयात. आता मध्ये ‘स्पर्श’ ही ऑनलाइन प्रणाली आली आहे. डिस्चार्ज बुकात एक नाव, आधारवर दुसरे. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या नोंदीत, बायकोचे नाव चढलेलेच नाही, हे तिच्या नवऱ्याच्या मागे कळते. नांगराने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. वर्षातून एकदा हयातीची नोंद झाली नाही की पेन्शन थांबते. २०२२ च्या एप्रिलचे पेन्शन असेच ५८ हजारांहून अधिक लोकांचे अडकले. ओरड झाल्यावर मेच्या पहिल्या आठवड्यात सरकारने एकवार सूट देऊन ते सोडले.

राज्याकडूनही आश्वासने आहेत: वर्ग तीन-चारच्या पदांत १५ टक्के आरक्षण, घरपट्टीची माफी, सरकारी जमिनीसाठी अर्ज करण्याचा हक्क. जमिनीच्या अर्जाचे वजन तहसील कार्यालयात किती, हे गावोगावच्या माजी सैनिकांना विचारावे. स्वातंत्र्यसैनिकांचे राज्य निवृत्तिवेतन २०२२ मध्ये १० हजारांवरून २० हजार झाले. १९४८ मध्ये वीस वर्षांचा असलेला कार्यकर्ता त्या वर्षी ९४ वर्षांचा होता.

फौजेच्या पेन्शनचा दुसरा फेरआढावा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. पुढचा २०२९ मध्ये. १९४७ साली जन्मलेला आणि १९८५ मध्ये हवालदार म्हणून घरी आलेला माणूस तेव्हा ८२ वर्षांचा असेल. फेरआढावा दर वर्षी करा ही संघटनांची मागणी कायम आहे, आणि ‘पाच वर्षे’ हे सरकारचे उत्तरही.