साडेसातची ट्रेन आणि मार्को नावाचा मुलगा

लॉरा पाउसिनीच्या पहिल्या अल्बमला तीस वर्षं होऊन गेली. तरी त्यातला एक रिकामा बाक अजून कुणी विसरत नाही!

सकाळी साडेसातची ट्रेन. रोज त्याच ट्रेनने येणारा मार्को आज नाहीये. उद्याही नसेल. बाबांच्या नोकरीपायी तो गाव सोडून गेलाय. वर्गात त्याचा बाक रिकामा आहे आणि तिच्या डायरीत त्याचा एक फोटो आहे. बस्स, एवढीच स्टोरी! कुणी कुणाला फसवलेलं नाही, कुणी विष घेतलेलं नाही. बदली झाली, एवढंच. ज्यांच्या वडिलांची सरकारी नोकरी किंवा बँक होती त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे गाणं म्हणजे 'ला सोलितूदिने', अर्थात एकटेपणा. २७ फेब्रुवारी १९९३ च्या रात्री त्याने सान रेमो फेस्टिव्हलच्या नवोदितांच्या गटात पहिला नंबर मारला आणि अठरा वर्षांची लॉरा पाउसिनी इटलीच्या घराघरात पोहोचली. त्याच वर्षी तिचा पहिला अल्बम आला. नाव काय? 'लॉरा पाउसिनी'! नवीन माणसाने स्वतःची ओळख करून द्यायची ही सगळ्यात साधी पद्धत.

आता सान रेमो हे काय प्रकरण आहे, ते थोडक्यात. समुद्रकाठच्या या छोट्या शहरात १९५१ पासून दरवर्षी गाण्यांची स्पर्धा भरते आणि अख्खी इटली टीव्हीसमोर बसून त्यावर भांडते. जगभर 'व्होलारे' म्हणून गाजलेलं गाणं १९५८ मध्ये इथूनच बाहेर पडलं. नवोदितांच्या गटातून १९८४ मध्ये एरोस रामाझोत्ती आला, १९९४ मध्ये आंद्रेआ बोचेल्ली. लॉरा या दोघांच्या मधली. तिच्या वर्षी तिसरा आला होता नेक नावाचा मुलगा. गंमत म्हणजे १९९७ मध्ये त्याचं जे गाणं तुफान चाललं त्याचं नाव होतं, 'लॉरा नाहीये'! (आपली लॉरा नव्हे, दुसरी कुणीतरी.)

पण आपण अल्बमकडे येऊ. गाणी फक्त आठ. खरं सांगायचं तर आठही काही ग्रेट नाहीत. कीबोर्डचा तो चकचकीत नव्वदीतला आवाज आज ऐकताना थोडं हसू येतं आणि 'बाची के सी रूबानो', म्हणजे चोरून घेतलेले किस, हे गाणं नावाएवढं मजेदार नाही. 'मी रूबी लानिमा' हे राफसोबतचं ड्युएट. हा राफ म्हणजे 'सेल्फ कंट्रोल'वाला. 'नोन चे', म्हणजे 'तो नाहीये', हे मात्र जबरदस्त. तिथेही मुलगा गेलेलाच आहे, पण इथली मुलगी चिडलेली आहे. आणि एक धाडस बघा. पॅटी प्रावो ही इटलीची मोठी स्टार. तिचं १९७० चं 'तुत्ताल प्यू' या पोरीने पहिल्याच अल्बममध्ये गायलंय! लता-आशाचं गाणं रिअ‍ॅलिटी शोमध्ये घेणं वेगळं आणि स्वतःच्या पहिल्या अल्बममध्ये घेणं वेगळं.

हा कॉन्फिडन्स आला कुठून? लॉरा एमिलिया-रोमान्या भागातल्या सोलारोलो नावाच्या लहानशा गावात वाढली. वडील फाब्रित्सिओ पियानो-बारमध्ये वाजवायचे आणि गायचे. आठ वर्षांची असल्यापासून ती त्यांच्यासोबत उभी राहून गायला लागली. समोर लोक जेवतायत, गप्पा मारतायत, वेटर ताटल्या उचलतोय, आणि त्यातून आपलं गाणं त्यांच्या कानात शिरायला हवंय. ही ट्रेनिंग कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही. १९८७ मध्ये वडिलांनी तिची 'लॉराची स्वप्नं' नावाची एक घरगुती कॅसेट काढली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. म्हणजे सान रेमोच्या स्टेजवर आली तेव्हा ती वयाने नवीन होती, कामात मुळीच नव्हती.

आणि इथेच या अल्बमची खरी गोम आहे. 'ला सोलितूदिने' लॉराने लिहिलेलं नाही. ते क्रेमोनेसी, वाल्सील्यो आणि कावाल्ली या तीन पुरुषांचं गाणं. शाळकरी मुलीच्या मनातलं गाणं तीन पुरुष लिहितात, आणि ऐकणाऱ्याला शंभर टक्के वाटतं की ही तिची स्वतःची डायरी आहे. हे कसं झालं? आवाजामुळे. सुरुवातीला ती जवळजवळ बोलते, शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला सांगावं तशी. मग वर जाते, आणि इतकी वर जाते की एवढासा विरह तिला पुरत नाही. गाण्यातलं दुःख लहान आणि आवाज मोठा. अठराव्या वर्षी आपलंही असंच असतं की! पुढे ती स्वतः गाणी लिहायला लागली, पण मार्को आपलाच आहे हे तिने आधी गाऊनच सिद्ध केलं.

बरं, इटालियन कळणारी माणसं जगात किती? मग कंपनीने शहाणपणा केला. पहिल्या दोन अल्बममधली गाणी निवडून स्पॅनिशमध्ये गाऊन घेतली आणि १९९४ मध्ये पुन्हा 'लॉरा पाउसिनी' याच नावाने अल्बम काढला. एकट्या स्पेनमध्ये तो दहा लाखांच्या वर खपला! मार्कोची ट्रेन तिथून थेट लॅटिन अमेरिकेत. इंग्लिश शब्द तर 'द लायन किंग'वाल्या टिम राइसने लिहिले, १९९५ मध्ये. पण त्या भाषेत ती जादू काही झाली नाही. २००६ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं, तेसुद्धा स्पॅनिश अल्बमसाठी. हा मान मिळवणारी ती पहिली इटालियन गायिका. २००७ मध्ये मिलानचं सान सिरो स्टेडियम भरवणारी पहिली बाई तीच.

मग जिंकलीच नसती तर? हा प्रश्न आपल्यालाच नाही, तिलाही पडतो. २०२२ च्या 'प्लेझर टू मीट यू' या सिनेमात तिने त्यावरच खेळ मांडलाय. १९९३ मध्ये हरलेली, कुणालाच माहीत नसलेली, आपल्याच भागात राहिलेली लॉरा. ही नुसती फिल्मी कल्पना नाही. फाएन्झा हे तिचं जन्मगाव मातीच्या रंगीत भांड्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे आणि ती तिथल्याच कलाशाळेत सिरॅमिक्स शिकत होती. दुसरी नोकरी तयारच होती म्हणा ना!

२०२३ मध्ये त्या रात्रीला तीस वर्षं झाली, तेव्हा तिने चोवीस तासांत न्यूयॉर्क, माद्रिद आणि मिलान अशा तीन शहरांत तीन कॉन्सर्ट केल्या. या वेगाने आपण नुसते विमानात बसलो तरी दोन दिवस झोपून काढू.

ऐकायचं असेल तर एक करा. आधी १९९३ चं 'ला सोलितूदिने' लावा, त्या जुन्या कीबोर्डसकट. मग २०१३ चं, ज्याला एन्निओ मोरिकोनेने ऑर्केस्ट्राचा साज चढवलाय. दुसरं जास्त सुंदर आहे. पण साडेसातची ट्रेन चुकलेली मुलगी पहिल्यातच आहे. हेडफोन लावा, आणि जमलं तर ऑफिसला जाताना ऐका.